ध्यानाचा नेम आणि देहातील संप्रेरके

(वर्धापन महोत्सवातील व्याख्यान)

 

व्यवस्थापक मंडळाने मजकडे सोपविलेला विषय या स्थानी काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. ध्यान हे आचार्यांचे क्षेत्र; ग्रंथींचे स्राव हे वैद्याचे. दोहोंची सांगड घालावयाची म्हणजे एकतर अध्यात्माचे अवमूल्यन व्हावयाचे, नाहीतर शास्त्राची ओढाताण व्हावयाची, अशी शंका आपणांपैकी कित्येकांच्या मनात येत असेल. ती शंका रास्त आहे, व या दोन्ही दोषांपासून दूर राहण्याचा मी यत्न करणार आहे. मी व्यवसायाने वैद्य आहे. ध्यानमार्गातील अधिकारी पुरुष नव्हे. ध्यान कसे करावे हे सांगण्याचा अधिकार या पीठाचा आहे. माझा प्रश्न त्याहून पुष्कळच लहान आहे. तो असा की, ध्यानास बसण्याचा नेम काहींच्या अंगवळणी पडतो आणि काहींचा महिन्याभरात मोडतो, याचे कारण काय?

प्रश्न लहान असला तरी क्षुल्लक नाही. चातुर्मासाच्या आरंभी किती घरांतून संकल्प सोडले जातात ते आपण जाणताच. नवे आसन येते, माळ येते, पहाटेची वेळ ठरते. नवरात्र उजाडेपर्यंत आसनाची घडी होऊन ते कपाटात जाते आणि माळ देव्हाऱ्याच्या खणात. मग मनुष्य स्वतःला दोष देऊ लागतो. ‘माझी श्रद्धाच उणी,’ असे म्हणतो, आणि त्या अपराधी भावनेपायी मठाची पायरी चढावयासही संकोचतो. नेम मोडला याहून हा संकोच मला अधिक हानिकारक वाटतो. माझे म्हणणे असे आहे की, बहुतेक ठिकाणी श्रद्धा उणी नसते. देहाला सवय कोणत्या रीतीने लागते ती रीत आपण ध्यानी घेतलेली नसते, एवढेच.

अशा विषयाची शास्त्रीय परीक्षा ही केवळ पाश्चात्त्यांची मिरास नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचे परिणाम उपकरणांच्या साहाय्याने मोजण्यास आरंभ केला, आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी काढले. त्या काळी योग्याने यंत्रासमोर बसणे हा सनातन्यांस उपहासाचा आणि डॉक्टरांस करमणुकीचा विषय होता. त्यांनी दोन्ही सोसले.

आता मूळ शब्दाविषयी थोडेसे. १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांस असे आढळून आले की, आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात उतरते आणि रक्तावाटे स्वादुपिंडास पोचून त्यास पाचकरस सोडावयास लावते. मज्जातंतूंच्या तारेवाचूनही देहात निरोप पोचू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. अशा निरोप्या द्रव्यांस स्टार्लिंगने १९०५ साली ‘हॉर्मोन’ असे नाव दिले. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणे असा आहे. तेव्हा मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्द मुळाइतकाच नेमका उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. लोकव्यवहारात डोपामिनसारख्या द्रव्यांसही सरसकट हॉर्मोन म्हणतात. काटेकोर बोलावयाचे तर मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे अगदी जवळच्या जवळ निरोप नेणारी द्रव्ये निराळी व रक्तातून दूरवर जाणारी निराळी. आज मी दोहोंविषयी बोलणार आहे, आणि भेद जेथे महत्त्वाचा असेल तेथेच तो दाखवीन.

नवखा साधक आसनावर बसतो तेव्हा कोणत्या देहानिशी बसतो, हे आधी पाहू. भय किंवा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटते, हृदयाची गती वाढते, रक्त स्नायूंकडे धावते, पचन मंदावते. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ साली ग्रंथरूपाने याचे वर्णन केले. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक येते व ते हा सज्जपणा टिकवून धरते. वाघ समोर असता ही योजना प्राणरक्षक आहे. परंतु आपल्यासमोर वाघ नसतो. कार्यालयातील वरिष्ठ असतो, मुलाची परीक्षा असते, कर्जाचा हप्ता असतो. देहाला हा भेद कळत नाही. तो सज्ज होतो आणि सज्जच राहतो. अशा देहास आपण एकाएकी सांगतो की, डोळे मीट आणि स्वस्थ बस. तो चुळबुळ करणार नाही तर काय करील?

ही चुळबुळ किती खोलवरची आहे याचा एक मासला सांगतो. २०१४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांस रिकाम्या खोलीत १५ मिनिटे केवळ आपल्या विचारांच्या संगतीत बसविले. हाताशी एक कळ होती. ती दाबली असता विजेचा झटका बसे. तो झटका त्यांनी आधी चाखलेला होता, आणि पुन्हा बसू नये यासाठी पैसे मोजण्याचीही तयारी त्यांनी दर्शविली होती. असे असूनही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ती कळ दाबली! स्वतःजवळ बसण्यापेक्षा त्यांस विजेचा झटका बरा वाटला. म्हणून पहिल्या आठवड्यात ज्याला आसनावर बसवत नाही, त्याने आपण कोणी विशेष पातकी आहोत असे मानण्याचे कारण नाही. अर्जुनानेही मनाविषयी हीच तक्रार भगवंतांपुढे मांडली होती, आणि त्यास जे उत्तर मिळाले त्यात अभ्यासाला पहिले स्थान आहे.

कॉर्टिसॉलविषयी सध्या बरीच निंदा ऐकू येते. ती अर्धीच खरी. हे संप्रेरक रात्रीच्या उत्तरार्धात आपोआप वाढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची कमाल होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते नीचांकास पोचते. सकाळी अंगात जी सावधानता येते तिच्यात याचा वाटा आहे. तेव्हा पहाटेची वेळ ध्यानास नेमणाऱ्या पूर्वजांनी देहाच्या या भरतीचा उपयोग करून घेतला, असे म्हणता येईल. त्यांस हे संप्रेरक ठाऊक होते असे मात्र म्हणू नये. पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते हे सिद्ध करण्याच्या नादात आपण त्यांचा खरा गुण, म्हणजे सूक्ष्म निरीक्षण, झाकून टाकतो. पहाटे उठावयाचे तर रात्री वेळेवर निजले पाहिजे. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन सुटते व देहास रात्र झाल्याची वार्ता देते. डोळ्यांवर प्रखर प्रकाश असेल तर ते दबते. रात्री बारापर्यंत भ्रमणध्वनी डोळ्यांसमोर धरून पहाटे चारचा गजर लावणारा साधक स्वतःच्याच दोन संप्रेरकांस एकमेकांविरुद्ध झुंजवीत असतो.

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येतो. डोपामिन हे द्रव्य मेंदूत स्वतंत्र निरोप्याचे काम करते, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसनने १९५०च्या दशकाच्या अखेरीस दाखविले. त्यास २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्यास ‘सुखाचे रसायन’ म्हणण्याची प्रथा वृत्तपत्रांनी पाडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. डोपामिनचे खरे काम निराळे आहे, आणि ते वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांतून उलगडले. माकडाच्या तोंडात अवचित फळाच्या रसाचा थेंब पडला की डोपामिन सोडणाऱ्या पेशी उसळून उठत. पुढे रसाच्या आधी नेहमी एक दिवा लावण्यात येऊ लागला. काही दिवसांनी काय झाले? पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस मिळाला तेव्हा मात्र त्या शांत राहिल्या. रस तोच, गोडी तीच. पण तो आता अपेक्षित होता. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या पेशी नेहमीच्या पातळीहूनही खाली जात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या सिद्धांताचा मथितार्थ असा की, डोपामिन सुख मोजीत नाही. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतर मोजते. अपेक्षेहून अधिक मिळाले तर ‘हे पुन्हा कर’ असा शेरा मारते, कमी मिळाले तर ‘सोडून दे’ असा.

भक्तजनहो, नेम का टिकतो आणि का मोडतो याचे अर्धे उत्तर येथे आहे.

पहिली गोष्ट, दिव्याची. ज्या खुणेमागून सुख येते ती खूणच काही दिवसांनी मनास ओढू लागते. धूपाचा वास, घंटेचा नाद, ठराविक कोपऱ्यात अंथरलेले आसन, स्नानानंतरचे ओले केस. देवघराची जागा एकच, वेळ एक, आरंभीचा विधी एक, याला आपण शिस्त म्हणतो; मेंदूच्या दृष्टीने ते दिवा लावणे आहे. आज गच्चीवर, उद्या पलंगावर, परवा प्रवासात कानांत वाद्य खुपसून ध्यान करणाऱ्यास दिवाच नाही, मग ओढ कशाची लागावी?

दुसरी गोष्ट, थेंबाची. दिव्यामागून काही तरी गोड यावयास हवे. येथे आपल्या काही वडीलधाऱ्या मंडळींशी माझा मतभेद आहे. ध्यानातील गोडी ही मायाच आहे, तिच्याकडे पाहूच नये, असे ते नवख्यास पहिल्याच दिवशी सांगतात. सिद्धासाठी हे खरे असेलही. नवख्यास ते मारक आहे. याविषयी एक चांगले संशोधन उपलब्ध आहे. अमेरिकेतील बार्बरा फ्रेडरिकसन या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह एका कंपनीतील १३९ नोकरदार माणसांवर प्रयोग केला व तो २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या सुमारास लोकांस सात आठवडे मैत्रीभावनेचे ध्यान शिकविण्यात आले. म्हणजे प्रथम स्वतःविषयी, मग आप्तांविषयी, मग परक्यांविषयी सद्भाव मनात धरावयाचा. बौद्धांची मेत्ता ती हीच. आरंभीच्या दिवसांत या लोकांच्या आनंदात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पुढे तो हळूहळू वाढत गेला, आणि शेवटी तेवढ्याच वेळाच्या ध्यानातून आरंभापेक्षा अधिक आनंद मिळू लागला. १५ महिन्यांनी या माणसांची पुन्हा विचारपूस करण्यात आली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोक अद्याप ध्यानास बसत होते. ते कोण? ज्यांच्या अंतःकरणात शिक्षणाच्या काळातच ध्यानाने प्रसन्नतेचा प्रतिसाद उमटला होता, ते. म्हणजे प्रसन्नता हे केवळ फळ नव्हे. ते बीजही आहे.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली भावार्थदीपिकेच्या बाराव्या अध्यायात हाच क्रम सांगितला आहे, हे आपणांपैकी नित्य पारायण करणाऱ्यांच्या ध्यानी आले असेल. संपूर्ण चित्त देता येत नसेल तर आठ प्रहरांतून एखादा निमिषभर तरी दे, असे भगवंत तेथे म्हणतात. आणि त्या निमिषात जेवढे सुख दिसेल तेवढीच विषयांची रुची उणी होईल, असे आश्वासन देतात. शरदात नदीचे पाणी ओसरावे तसे चित्त प्रपंचातून ओसरत जाते, ही उपमाही तेथलीच. दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मागणी निमिषाची आहे, तासाची नाही. आणि विषयांचा वीट आधी, सुख मागाहून, असा क्रम नसून सुख आधी आहे. ज्यांस गोडीचे भय वाटते त्यांनी या ओव्या पुन्हा उघडून पाहाव्यात.

ध्यानाने डोपामिन प्रत्यक्ष हालते काय, असे कोणी विचारील. डेन्मार्कमधील संशोधकांनी योगनिद्रेच्या अभ्यासकांवर २००२ साली तसे मापन प्रसिद्ध केले. मेंदूच्या एका खोल भागात डोपामिनचा स्राव सुमारे ६५ टक्क्यांनी वाढला असावा, असा त्यांचा हिशेब निघाला. हा आकडा फार गाजला. परंतु परीक्षा झाली ती अवघ्या आठ जणांची, आणि तेही जुन्या अभ्यासकांची. तेव्हा आठांवरून आठ कोटींचे अनुमान कोणी काढू नये.

आता तिसरी गोष्ट, आणि तीच सर्वांत अधिक मोलाची असे मला वाटते. ध्यान सुरू केल्यावर काही आठवडे बरे जातात. मग एक दिवस गोडी आटते. मन लागत नाही असे नव्हे, पण पूर्वीचा तो उमाळा येत नाही. साधक घाबरतो. गुरुकृपा आटली, आपले काही चुकले, असे त्यास वाटते, व बहुतेक नेम याच वळणावर मोडतात. शुल्ट्झच्या माकडाकडे पाहा. रस पूर्वीइतकाच गोड होता, परंतु अपेक्षित झाल्यामुळे त्याची उसळी थांबली होती. ध्यानाची शांती आता तुमच्या मेंदूस अपेक्षित झाली आहे. ती गेलेली नाही. तिचे नावीन्य गेले आहे. हे शिकणे पुरे झाल्याचे लक्षण आहे. या वळणावर जो मनुष्य उमाळ्याच्या शोधात नवा मंत्र, नवा गुरू, नवे शिबिर असा धावत सुटतो, तो दर वेळी नव्या थेंबाचा शोध घेत असतो. त्याची सवय कधीच पिकत नाही. आणि जे प्रचारक सात दिवसांत दिव्य प्रकाश दिसेल अशी हमी देऊन माणसे जमवितात, ते तर अपेक्षा इतकी उंचावून ठेवतात की आठव्या दिवशी मिळणारी खरीखुरी शांतीही तुटीच्या खात्यात जमा होते.

गोडी ओसरल्यावर नेम कोण चालवितो? मेंदूच्या तळाशी असलेल्या काही गाठी. मॅसॅच्युसेट्स येथील ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांस साध्या चक्रव्यूहात धाववून त्या भागातील पेशींचे व्यवहार टिपले. वाट नवी होती तेव्हा पेशी धावेच्या आरंभापासून अंतापर्यंत जाग्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या केवळ आरंभी आणि शेवटी जागत. मधला सारा प्रवास एक गठ्ठा होऊन बसला होता. म्हणजे सवय पिकली की प्रयत्न फक्त आसनापर्यंत पोचण्याचा उरतो. यास दिवस किती लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींची १२ आठवडे नोंद ठेविली. २०१० सालच्या त्या निबंधाप्रमाणे सवय मुरावयास मध्यमानाने ६६ दिवस लागले. पण कोणास १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत २५४ पर्यंत हिशेब गेला. आपल्याकडे मंडळ धरावयाचे ते बहुधा ४० वा ४८ दिवसांचे. ते उत्तमच, मात्र ४८ दिवस झाले व नेम अद्याप जड जातो म्हणून कोणी निराश होऊ नये. त्याच निबंधात आणखी एक दिलासा आहे. मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीत म्हणण्यासारखा व्यत्यय आला नाही. सुतक आले, ताप आला, प्रवास घडला. दुसऱ्या दिवशी बसावे. पातंजल योगशास्त्रात अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काळ, अखंडता आणि आदर या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आपण अखंडतेचा धाक धरतो आणि आदराला विसरतो.

या आदराच्या, किंवा प्रेमाच्या, अंगाशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या ऑक्सिटोसिनविषयी आता बोलावयाचे आहे. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखविले. पुढे व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी हे द्रव्य कृत्रिम रीतीने घडविले आणि १९५५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. बाळ रडले की मातेस पान्हा फुटतो तो याच संप्रेरकाने. माणसामाणसांतील विश्वासही यानेच वाढतो, असा २००५ साली मोठा गवगवा झाला. पुढील वर्षांत त्या प्रयोगाची पुनरावृत्ती करता तो परिणाम हाती लागला नाही. तेव्हा जरा जपूनच बोलले पाहिजे. तथापि आपल्या विषयास चिकटून असा एक प्रयोग आहे. पॅटी व्हान कॅपेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा देऊन त्यांस ध्यानास बसविले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, नुसता फवारा घेतलेल्यांपेक्षा या पुरुषांस ध्यानात प्रसन्नता अधिक जाणवली, आणि जीवनात अध्यात्माला स्थान आहे ही भावनाही त्यांच्या ठिकाणी अधिक दिसली.

हे ऐकून आपणांपैकी कोणास वाईट वाटले असेल. भक्ती म्हणजे काय नाकातील चार थेंब? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझे उत्तर असे आहे. पत्राला शाई लागते, म्हणून पत्रातील मजकूर शाईचा होत नाही. मातेच्या पान्ह्यास ऑक्सिटोसिन लागते हे आपण निमूट मान्य करतो. तिचे वात्सल्य त्यामुळे खोटे ठरले असे कोणी म्हणत नाही. देह हे भक्तीचे पात्र आहे. पात्राचा धातू कोणता याची परीक्षा केल्याने त्यातील तीर्थ बाटत नाही. उलटपक्षी, मजकूर कोणाचा आणि कोणास उद्देशून, याचे उत्तर शाईच्या पृथक्करणातून मिळेल अशी आशा शास्त्रज्ञांनीही धरू नये. तेथे वैद्यकाची हद्द संपते.

या संशोधनाचा एक उपयोग मात्र मला करुणेच्या दृष्टीने फार मोठा वाटतो. ऑक्सिटोसिनचा निरोप स्वीकारणाऱ्या पेशीद्वाराची घडण सर्वांची सारखी नसते. तीत जन्मजात भेद असतात, आणि मैत्रीभावनेच्या ध्यानाने कोणास आनंद लवकर मिळतो, कोणास उशिरा, याचा काही अंशी या भेदांशी संबंध दिसून आला आहे. शेजारच्या काकू डोळे मिटताच गहिवरतात आणि आपणांस काहीच होत नाही, म्हणून आपले पुण्य थोडे असे समजू नये. त्यांचे द्वार सैल, आपले घट्ट. अशांनी भावध्यानाऐवजी जपाची वाट धरावी.

जपाविषयीही एक सुरेख प्रयोग आहे, आणि गोमंतकातील श्रोत्यांस तो विशेष रुचेल. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा लॅटिन भाषेतील रोझरीची प्रार्थना म्हणवून घेतली व एकदा ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटास सुमारे सहापर्यंत उतरली, व हृदय आणि रक्तदाब यांच्या नैसर्गिक लयी त्या श्वासाशी जुळून आल्या. मंद श्वासाने हृदयास शांतविणाऱ्या मज्जातंतूचे काम वाढते व देहाचा सज्जपणा सैल पडतो. ज्या भूमीत माळ आणि रोझरी शेजारशेजारच्या घरांतून फिरते, तेथे हे कोणास नवल वाटणार नाही.

आणि समुदाय. एकट्याच्या नेमापेक्षा मंडळीचा नेम टिकाऊ, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर २०१० साली केलेल्या परीक्षेत असे आढळले की, तेवढेच श्रम एकट्याने करण्यापेक्षा एका तालात सर्वांनी मिळून केले असता वेदना सोसण्याची शक्ती अधिक वाढते. एंडॉर्फिन नामक वेदनाशामक द्रव्ये देहात अधिक सुटत असावीत असा याचा अर्थ लावतात. वास्कोच्या श्रीदामोदर भजनी सप्ताहात अहोरात्र अखंड भजन चालते. तेथे टाळ धरून उभ्या असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांचे गुडघे का दुखत नाहीत, असा प्रश्न ज्यांस पडला असेल त्यांनी या वल्हेकऱ्यांचे स्मरण करावे. म्हणून ज्याचा घरचा नेम वारंवार मोडतो त्यास मी आठवड्यातून एकदा तरी सामुदायिक जपास येऊन बसण्याचा सल्ला देतो. घरच्या सहा दिवसांस तो सातवा दिवस ऊब देतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. तीव्र विषण्णता, भास, किंवा पूर्वीच्या एखाद्या आघाताच्या आठवणी ज्यांस छळतात, त्यांच्या बाबतीत दीर्घ मौनध्यानाने कधी कधी त्रास वाढतो. अशांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन, थोड्या वेळेचे व कोणाच्या तरी देखरेखीखालील साधन करावे. औषध बंद करून ध्यान करणे हा भक्तीचा पुरावा नव्हे.

कॉर्टिसॉलची उरलेली बाजू सांगावयाची राहिली. जर्मनीत लार्स श्वाबे व ओलिव्हर वोल्फ यांनी २००९ साली असे दाखविले की, ताणाखाली असलेला मनुष्य विचारपूर्वक वागण्याचे सोडून सवयीने वागू लागतो. ज्या खाद्याने त्याचे पोट भरलेले आहे, त्याच्यासाठीही तो अंगवळणी पडलेली कृती करीत राहतो. सामान्यतः ही दुर्बलता गणली जाईल. दुःखाच्या प्रसंगी ज्याचा हात मद्याकडे जाण्यास सरावलेला आहे त्याचा तिकडेच जातो. परंतु हेच सूत्र उलटूनही लागू पडते. घरात मृत्यू घडला आहे, बुद्धी सुन्न झाली आहे, देव आहे की नाही याविषयीही मन शंकित आहे, आणि तरीही बारा दिवस सरताच पहाटे एक वृद्धा उठते, कोपऱ्यात आसन टाकते आणि माळ हातात घेते. तिला त्या वेळी शांती मिळत नसते, आणि ती शोधीतही नसते. तिचा हात वीस वर्षांच्या वळणाने चालत असतो. अशा कित्येक स्त्रिया मी माझ्या व्यवसायात पाहिल्या. बाकीचे घर सावरावयास महिने लागत; तिचा दिवस त्या अर्ध्या तासाभोवती हळूहळू पुन्हा बांधला जाई. सुखाच्या काळात थेंबाथेंबाने लागलेली सवय दुःखाच्या काळात अशी उपयोगास येते, आणि ती लावून घेण्यास सुखाचाच काळ बरा.

शेवटी मुलांविषयी. येथे पालक पुष्कळ आहेत, व मुले मठात येत नाहीत ही तक्रार सकाळपासून मी तीन वेळा ऐकली. मुलास दरडावून तासभर मांडी घालून बसविले, तर त्याच्या मेंदूत आसन हीच भयाची खूण होऊन बसते. दिवा लागला की पेशी खाली जाणार. त्याऐवजी आजीच्या मांडीला मांडी लावून पाच मिनिटे, मग आरतीत घंटा वाजविण्याचा मान, आणि हातावर साखरखोबरे. पाच मिनिटे थोडी आहेत असे वाटल्यास वर सांगितलेला निमिष आठवावा. दीपाराधनेची वेळ झाली आहे, आणि घंटेसाठी दाराशी दोन मुलगे आधीच येऊन उभे आहेत असे मला येथून दिसते. त्यांस अधिक तिष्ठत ठेवणे माझ्याच प्रतिपादनाच्या विरुद्ध होईल.